पाणी पाहून पाय पसरावे

उथळ पाण्याला खळखळाट फार, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. डोंगरातल्या ओढ्याच्या बाबतीत ते खरेही आहे. खाडीचे उथळ पाणी मात्र आवाज करीत नाही. वरून पाहिले तर पुरुषभर पाणी आणि वीतभर पाणी अगदी सारखेच दिसते. फरक कळतो तो होडी रुतल्यावर.

चेन्नई शहराच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर सिरुसेरी आहे. एकेकाळचे हे साधे खेडे आज सिपकॉटच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे देशभर माहीत झाले आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे इथले प्रचंड संकुल उरुग्वेच्या कार्लोस ओट आणि कार्लोस पोन्से दे लिऑन या वास्तुविशारदांनी उभारले. पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून नोकरीसाठी आलेली मराठी मुले-मुली इथे भेटतात, आणि मागोमाग त्यांचे आईवडीलही काही महिने राहायला येतात.

सिरुसेरीच्या पूर्वेला, सरळ रेषेत पाहिले तर अगदी जवळ, मुट्टुकाडूची खाडी पसरली आहे. रस्त्याने जायचे तर केळंबाक्कमवरून वळसा पडतो. खाडीपलीकडे पूर्व किनाऱ्याचा हमरस्ता, त्याच्या पुलाखालून समुद्राला मिळणारे मुख, आणि शेजारी कोळ्यांचे कोवळम गाव. (केरळातले प्रसिद्ध कोवळम ते निराळे.) याच खाडीतून बकिंगहॅम कालवा जातो. १८०६ मध्ये मद्रासहून उत्तरेला एन्नोरपर्यंत त्याची सुरुवात झाली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात भुकेल्या माणसांना काम मिळावे म्हणून तो वाढवण्यात आला आणि त्या वेळच्या गव्हर्नरांचे, ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे, नाव त्याला मिळाले. मीठ, धान्य, सरपण यांनी भरलेल्या होड्या या कालव्यातून ये-जा करीत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत लाटेचे बरेचसे पाणी या कालव्याने पोटात घेतले. तामिळनाडू पर्यटन महामंडळाचे नौकाकेंद्र मुट्टुकाडूला १९८४ पासून आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे सहकुटुंब गर्दी असते.

अलीकडे अशा खाड्यांत एक नवी होडी दिसू लागली आहे. तिला वल्हे मारावे लागत नाही. आत बसलेला माणूस सायकल चालवावी तसे पाय हलवतो आणि होडी पुढे सरकते. हात मोकळे, त्या हातांत मासे पकडायचा गळ. हीच ती पेडलची कयाक.

कयाक मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते एका माणसापुरती अरुंद होडी बनवीत आणि दुहेरी वल्ह्याने ती हाकीत. आजची कयाक प्लास्टिकची असते. तिला पाय मिळाले ते १९९७ मध्ये. अमेरिकेतील होबी कंपनीने त्या वर्षी होडीच्या तळाशी दोन लवचीक पर असलेला संच बाजारात आणला. पेडल पुढे-मागे दाबले की पाण्याखालचे हे पर डावीकडून उजवीकडे व पुन्हा डावीकडे, असे फिरतात. पेंग्विन पाण्यात पंख मारतो, तशीच ही चाल. नंतर इतर कंपन्यांनी सायकलसारखे गोल फिरणारे पेडल आणि खाली छोटा पंखा अशी रचना आणली.

पायाचे स्नायू हाताच्या स्नायूंपेक्षा मोठे आणि दमदार असतात. त्यामुळे वल्हे मारून ज्याचे खांदे तासाभरात भरून येतात, तोही पेडलवर सकाळभर फिरू शकतो. खांदा दुखणाऱ्या, साठी ओलांडलेल्या माणसालाही हे जमते. मात्र ही होडी स्वस्त नाही. परदेशी बनावटीची नवी कयाक एखाद्या मोटारसायकलीपेक्षा महाग पडते. वजनही चाळीस-पन्नास किलोंच्या घरात जाते.

तिची खरी परीक्षा उथळ पाण्यात होते. अशी रिकामी होडी वीतभर पाण्यातही तरंगते. तिचे पर किंवा पंखा मात्र तळाच्या खाली दीड फुटाच्या आसपास लोंबत असतो. होडीला वाट असते, पण तिच्या पायांना नसते. घोटाळा होतो तो इथेच. एक घर डोळ्यांसमोर आणले म्हणजे हे नीट समजेल.

समजा, मुलगा सिरुसेरीत नोकरीला आहे. वडील अलिबागजवळच्या गावचे, शाळेतून निवृत्त झालेले. आई गेल्यानंतर मुलाने त्यांना इकडे आणले. घर बाराव्या मजल्यावर. सून आणि मुलगा दोघेही कामावर, नातू शाळेत. खाली उतरावे तर भाषा येत नाही. गावी ज्यांना चार माणसे विचारून भरतीची वेळ ठरवीत, ते आबा इथे दिवसभर गॅलरीत बसून दूरवर चमकणाऱ्या खाडीकडे पाहतात. मुलाच्या हे लक्षात येते. तो एका सहकाऱ्याकडून दोघांनी चालवायची जुनी पेडलची कयाक विकत घेतो. म्हणतो, “आबा, रविवारी खाडीत जाऊ. तुमच्यासाठीच घेतली आहे.”

“पायाने चालवायची होडी?” आबा हसतात. “अरे, होडी आहे की शिवणयंत्र?”

पण रविवारी पहाटे सर्वांत आधी तयार असतात तेच.

पहिला अर्धा तास आनंदात जातो. पाणी शांत असते. कडेला बगळे उभे असतात, दूर एक खंड्या सूर मारतो. मुलगा पुढे, आबा मागे. दोघांचे पाय एका लयीत चालतात. काठाकडे बोईचे मासे उड्या मारताना दिसतात आणि मुलगा होडी तिकडे वळवतो. क्षणभरात पेडल जड होते. मुलाला वाटते, शेवाळ अडकले असेल. तो जोर लावतो. आणखी जोर लावतो. मग खालून कट्‌ असा आवाज येतो आणि होडी जागच्या जागी थांबते.

आबा चौफेर पाहतात, बोटे मोडतात. “आज द्वादशी. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. नऊला पूर्ण भरती. आता सात वाजलेत. गप्प बसून राहा, होडी आपोआप उचलेल.”

तिथीला तीनाने गुणून चाराने भागायचे, की भरतीचा तास निघतो. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या हे गणित चालत आले आहे आणि तिथे ते ढोबळमानाने बरोबर येते. पण हा बंगालचा उपसागर. इथे भरतीची वेळ वेगळी, आणि मुख्य म्हणजे भरतीचा आवाका वेगळा. मुंबई-अलिबागला मोठ्या उधाणाच्या दिवशी ओहोटी आणि भरती यांतला फरक चार ते पाच मीटरपर्यंत जातो. चेन्नईला तो उधाणातही एक मीटरच्या आसपास असतो. मुट्टुकाडूच्या मुखाशी वाळूचा दांडा साचला की खाडीच्या आत त्यातलेही थोडेच पोहोचते. अलिबागला रुतलेली होडी सहा तासांत उचलली जाते, कारण समुद्र स्वतः येऊन ती उचलतो. इथला समुद्र ती तसदी घेत नाही.

आठ वाजतात. पाणी चढत नाही. उलट शेजारचा वाळूचा पट्टा थोडा रुंद झालेला दिसतो. आबा काही बोलत नाहीत. ज्या एका विद्येवर आयुष्यभर भरवसा ठेवला, तीही परक्या गावात चालत नाही, हे कळण्याचा तो क्षण असतो.

मुलगा वाकून खाली पाहतो आणि त्याच्या ध्यानात येते की वाळू हे अर्धेच कारण आहे. परांभोवती बारीक दोऱ्याचे जाळे गुंडाळले गेले आहे. कोणीतरी चिंबोऱ्यांसाठी लावून ठेवलेले जाळे. त्याची पांढरी बोंडे पाण्यावर दिसत होती, पण मुलाचे लक्ष माशांकडे होते. तो खिशातून चाकू काढतो.

“ठेव तो आत,” आबा म्हणतात.

“आबा, दोन मिनिटांचं काम आहे. जाळ्याचे पैसे देऊन टाकू.”

“कोणाला देशील? नाव माहीत आहे त्याचं? आणि जाळं फाटलं तर नुसते पैसे जात नाहीत, दिवस जातात. ते कोणाचं तरी पोट आहे. कापायचं नाही.”

शेवटी जाळ्याचा मालक येतो. तो होडीतून येत नाही, तर चालत येतो. पाणी त्याच्या मांडीपर्यंतच असते. इतका वेळ बापलेक ज्या पाण्याला भीत बसले होते, ते एवढेच. मुलाला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्याचीच. माणूस रागावलेला असतो, आणि त्याने रागावणे बरोबरही असते. आबांना तमिळ येत नाही. पण एक शब्द ते आजन्म वापरत आले आहेत. ते हात जोडून म्हणतात, “अण्णा.”

तमिळमध्येही थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात. माणसाचा चेहरा जरा निवळतो. तो जाळ्याकडे पाहतो, ते कापलेले नाही हे पाहतो, पाण्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, “आळम् इल्लै.” खोली नाही. ळ आपल्याला उच्चारता येतो, तमिळ माणसाचा तो उच्चार थोडा निराळा, पण अर्थ कोणालाही कळावा.

मग तो जे करतो त्यात या होडीची सगळी शिकवण आहे. तो होडी पुढे ढकलत नाही. आधी मुलाला पाय थांबवायला सांगतो. मागचे सुकाणू दोरीने वर ओढायला लावतो. होडीखाली हात घालून जाळ्याचा एकेक वेढा सोडवतो. परांचा संच मोकळा झाल्यावर मुलगा तो वर खेचून होडीत घेतो. आता होडीखाली काहीच लोंबत नाही. तो माणूस नाकाला धरून होडी आलेल्या दिशेनेच मागे फिरवतो, पुढच्या दिशेने नेत नाही. कारण ज्या वाटेने होडी आली, तिथे पाणी होते हे नक्की असते.

हे चित्र काल्पनिक असले तरी त्यातली प्रत्येक अडचण खरी आहे, आणि तिच्यावरचे उपायही साधे आहेत.

पहिला उपाय म्हणजे पाय आखडते घेणे. पराच्या संचात एक पेडल पूर्ण पुढे दाबून ठेवले की दोन्ही पर होडीच्या तळाला चिकटून आडवे होतात. ते सरळ खाली लोंबतात ते पेडल मध्यावर असताना. म्हणून पाणी कमी झाले की पूर्ण पावले टाकायची नाहीत. एक पाय पुढे ठेवून छोटे छोटे झटके द्यायचे. वेग कमी होतो, पण होडी चालत राहते. गोल फिरणाऱ्या पंख्याच्या होडीत ही सोय नसते. तिथे संच वेळीच वर उचलून घ्यावा लागतो. उलट पंख्याच्या होडीला उलटे पेडल मारून लगेच मागे येता येते. पराच्या जुन्या होड्यांना मागे जाता येत नसे, आता नव्या संचात ती सोय आली आहे.

दुसरा उपाय, पेडल जड लागताच थांबणे. रस्त्यावर सायकल जड झाली की आपण जोर लावतो, चढ असेल असे समजतो. पाण्यात चढ नसतो. जड लागले म्हणजे खाली वाळू, चिखल, शेवाळ किंवा जाळे यांपैकी काहीतरी आहे. अशा वेळी जोर लावला तर पराचा पोलादी दांडा वाकतो किंवा पंख्याचे पाते तुटते. शहराजवळच्या पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्याही याच पंख्याला येऊन गुंडाळतात.

तिसरे, पेडल असले तरी वल्हे बरोबर असायलाच हवे. पेडल निकामी झाले तर परतायला ते लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खोली मोजायला. अनोळखी पाण्यात दर थोड्या वेळाने वल्हे उभे धरून तळ चाचपावा. घट्ट लागला तर वाळू, आत शिरला तर चिखल. वाळूवर गरज पडल्यास उतरता येते, चिखलावर कधीही उतरू नये. पाय गुडघ्यापर्यंत रुतले की एकट्याला बाहेर येणे कठीण होते. वाळूवरही अनवाणी उतरू नये. पुलाच्या खांबांजवळ आणि दगडांवर कालवे असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात. वाळूत पाकट दडलेले असू शकते. म्हणून पाऊल उचलून न टाकता तळाशी घासत पुढे सरकवावे, म्हणजे ते आधीच बाजूला होते.

चौथी गोष्ट अंगावरच्या कपड्यांची. कमरेइतके तर पाणी आहे, मग लाइफ जॅकेट कशाला, असे अनेकांना वाटते. खाडीचा तळ सपाट नसतो. कालव्याचा मूळ खोदलेला मार्ग, पुलाखालची धार, वाळू उपसलेली जागा, अशा ठिकाणी पाणी एकदम खोल होते. खाडीच्या मुखाजवळ तर मुळीच जाऊ नये. चेन्नईचा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये सुरू होत नाही. त्याचा भर ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. त्या दिवसांत दक्षिण चेन्नईचे पावसाचे पाणी कालव्यातून याच खाडीत उतरते आणि मुख फोडून समुद्राकडे धावते. २०१५ आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये या शहराने पाण्याचे काय रूप पाहिले, ते कोणी विसरलेले नाही. अशा वेळी होडी घरी ठेवावी.

आणि पाचवी गोष्ट, जी कोणत्याही कंपनीच्या माहितीपुस्तकापेक्षा आबांच्या तोंडी जास्त शोभते. उथळ पाणी रिकामे नसते. खोल समुद्रात ज्यांना मोठी बोट परवडत नाही, त्यांचे हे शेत असते. चेन्नईच्या आसपासच्या खाड्यांत इरुळ समाजाची माणसे, त्यांत बायकाही, कमरेइतक्या पाण्यात उतरून नुसत्या हातांनी कोळंबी चाचपून पकडत आली आहेत. त्यांना ना यंत्र लागते, ना गळ. पांढरी बोंडे, रोवलेल्या काठ्या, पाण्यावर तरंगणारी रिकामी बाटली, ही तिथली कुंपणे समजावीत. त्यांना वळसा घालून जावे. कुठे परवानगी लागते आणि कुठे होडी नेऊ नये, हे आधी विचारून घ्यावे.

याच मुट्टुकाडूला केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेचे प्रयोगकेंद्र आहे. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९९७ साली ‘कोडुवा’ माशाचे बंदिस्त टाक्यांत यशस्वी प्रजनन केले. कोडुवा म्हणजे रायगडकरांचा लाडका जिताडा. अलिबाग-पेणच्या शेततळ्यांत जो जिताडा पाहुण्यांसाठी राखून ठेवतात, तोच इथल्या खाडीत सापडतो आणि त्याची पिल्ले तयार करण्याची विद्या इथे साधली. परक्या गावात आलेल्या आबांना ही गोष्ट कळली, तर त्यांना बाराव्या मजल्यावरचे घर थोडे कमी परके वाटेल.

त्या रविवारी बापलेक मासा न घेताच घरी परततात. मुलगा जाळेवाल्याला पैसे देऊ पाहतो. तो आधी नको म्हणतो, मग तुटलेल्या चार दोऱ्यांपुरतेच घेतो. पुढच्या रविवारी आबा मुलाला म्हणतात, “आज होडी नको. आधी काठावर जाऊन त्या अण्णाला विचारू, पाणी कुठून कुठं जातं ते.” एक वही घेऊन ते पुलाजवळ बसतात. किती वाजता पाणी कुठल्या खांबाच्या कोणत्या खुणेपर्यंत चढले, याची नोंद करू लागतात. नातू शेजारी बसून तिथी विचारतो आणि आजोबा सांगतात, “थांब बाळा, इथलं गणित अजून मला यायचंय.”

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे घरखर्चासाठी सांगितलेले शहाणपण. पायाने चालणाऱ्या होडीला ते शब्दशः लागू पडते. सत्तरीत नवे गणित मांडायला बसलेल्या आबांनी ते एका सकाळीच ओळखले.